मँडोलिनसाठी ऊब

शेजारचं वाचनालय बंद नसतं, तर तनया त्या जुन्या चॅपलच्या पायऱ्या कधीच चढली नसती.

परत करायची तीन पुस्तकं छातीशी धरून ती आडोशाला उभी होती. पाऊस असा नव्हताच... नॉटिंगहॅमला फेब्रुवारीअखेर असतं तसं बारीक पाणी हवेतच तरंगत होतं आणि तिच्या चष्म्याच्या काचांवर येऊन बसत होतं. तिच्या पाठीमागचं दार अर्धवट उघडं होतं. आतून आवाज येत होता – टक्... मग शांतता. पुन्हा टक्. कुणीतरी फार हळू, फार अदबीने दार वाजवत असावं तसा.

तिने डोकावून पाहिलं. चॅपलमधली बाकं कधीच काढून टाकली होती. आता तो गाण्याबजावण्याचा हॉल होता. उंच खिडक्यांच्या रंगीत काचांमधून निळसर-तांबूस उजेड रिकाम्या खुर्च्यांवर सांडला होता. समोर स्टेजवर एक लांब टेबल, आणि टेबलाशी एक तरुण एका इवल्याशा वाद्याच्या पोटाला कान लावून बसलेला. बोटाच्या पेराने तो त्यावर टक् करी, आणि डोळे मिटून ऐके.

"दार लावून घ्याल का, प्लीज?" मान वर न करता तो इंग्रजीत म्हणाला. "ओल आत येते."

तनयाने दार लावलं. लावल्यावर तिच्या लक्षात आलं, की ते तिने आतून लावलं होतं.

आता काहीतरी बोलणं भाग होतं. टेबलावर पटाश्या होत्या, कानशी होत्या, तारांची वेटोळी होती, आणि मध्येच एक स्टीलचा डबा. डब्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं...

"थालीपीठ भाजणी," तनयाने मोठ्याने वाचलं.

त्याने डोळे उघडले. झोपेतून हलकेच जागं केल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला.

"तुम्हाला हे वाचता येतं?"

"डबा तुमचा आहे. मला वाटलं, तुम्हालाही येत असेल."

"आईचा डबा," तो मराठीत म्हणाला, एकेक शब्द चाचपत. "पिनरवरून. भाजणी संपला. आता त्यात क्लॅम्प राहतो."

"संपली. राहतात." तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने ओठ चावला.

"संपली. राहतात," त्याने शाळेतल्या मुलासारखं म्हटलं. "मग बरोबर काय होतं?"

तनयाने खरोखर विचार केला. "आईचा डबा. ते अगदी बरोबर होतं."

तो हसला. आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी. आणि तनयाला वाटलं, वाचनालय आणखी थोडा वेळ बंदच राहिलं तरी चालेल.

त्याचं नाव परीक्षित. जन्म लंडनच्या पिनर उपनगरातला, वाढला तिथेच. गेली दोन वर्षं नॉटिंगहॅममध्ये एका गाळ्यात तारवाद्यं दुरुस्त करायचा, आणि जमतील तशी नवी घडवायचा. ती पुण्याची, इथल्या एका हॉस्पिटलच्या ऑफिसात आकडेवारीचं काम करणारी. एवढं बोलून होतंय तोच आतल्या खोलीतून हॉल चालवणारी ग्वेन बाहेर आली. सत्तरीची, पांढऱ्या केसांची, गळ्यात दोरीने अडकवलेले दोन-दोन चष्मे.

"तू नवी व्हॉलंटियर ना?" तिने तनयाला विचारलं.

नाही म्हणायला तनयाला नेहमीच जरा उशीर व्हायचा. तेवढ्यात ग्वेनने तिच्या हातात कार्डांचा गठ्ठा ठेवला होता.

*

मार्चअखेर संपवायलाच हवी अशी तनयाची रजा शिल्लक होती. कुठे जायचं ते ठरत नव्हतं. आता ठरलं.

ग्वेन दर मार्चमध्ये चार दिवसांचा जलसा भरवायची, गुरुवार ते रविवार. अमेरिकेच्या डोंगरांतली, शेतांवरची, खेड्यांतल्या चर्चांमधली जुनी गाणी, आणि त्या मुळांना धरून आज नवी गाणी करणारे लोक. फिडल म्हणजे खेडवळ व्हायोलिन, बँजो, मँडोलिन. वाजवणाऱ्यांच्या सव्वीस मंडळ्या यायच्या होत्या. कोण कितीला येणार, कोणाला किती खुर्च्या, कोणाला किती माइक, हे सगळं ग्वेन वर्षानुवर्षं कार्डांवर लिहीत आली होती आणि कार्डं दरवर्षी हरवत आली होती. तनयाने दोन दिवसांत त्यांचा एक तक्ता केला. ग्वेनने आधी एक चष्मा लावून तो पाहिला, मग दुसरा.

"यात मला चहाला वेळ कुठे ठेवलायस?" तिने विचारलं.

तनयाने चहाचा रकाना घातला.

परीक्षित दुपारी यायचा. सकाळी त्याचा गाळा असे. तनया साडेआठलाच येऊन चॅपल उघडायची, आणि दुपार कधी होते याची वाट बघत नाही असं स्वतःला सांगायची.

"तुम्ही म्हटलं की मला आईच्या मैत्रिणी आठवतात," तो दुसऱ्याच दिवशी म्हणाला. "मी तू म्हणू?"

"म्हण."

"तू चिकटपट्टी धरतेस का? मी मोजतो."

रविवारच्या शेवटच्या कार्यक्रमासाठी स्टेजच्या मधोमध एकच माइक असणार होता. जुनी पद्धत. पाच वाजवणारे त्याच्याभोवती अर्धगोलात उभे राहणार, आणि ज्याची पाळी तो पुढे येणार. त्यांच्या जागा दाखवायला परीक्षित जमिनीवर पट्ट्या चिकटवत होता.

"पण कुणी कधी पुढे यायचं, ते सांगतं कोण?" तनयाने विचारलं. तिच्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"इकडे उभी राहा." त्याने तिला मागच्या पट्टीवर उभं केलं आणि स्वतः माइकसमोर गेला. "मी वाजवतोय. आता माझी संपत आला. मी खांदा असा थोडा वळवतो... जागा होतो. मग तू यायचं."

"ये म्हणायचं नाही?"

"नाही. बघायचं फक्त." तो हवेतलं मँडोलिन वाजवत राहिला. मग थांबला. "आलीस का नाही?"

"तू खांदा वळवलाच नाहीस."

"वळवला."

"मला दिसला नाही."

"तू चष्मा पूस," परीक्षित म्हणाला.

तिने खरंच पुसला. पुन्हा लावला, तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता, आणि मग घाईने पट्टीकडे.

*

पहिल्या दिवशी तो कान लावून ऐकत होता, ते मँडोलिन त्याने दीड वर्ष घडवलं होतं. मधाच्या रंगाचं, पोटावर लांबट गोल भोक, कुशीत मावेल असं. स्टेजमागच्या खोलीत त्याने ते खुंटीला टांगून ठेवलं होतं, पेटीबाहेर. इथल्या हवेची त्याला सवय व्हावी म्हणून. बाकी लोकांनी उसनी दिलेली गिटारं, फिडलं आपापल्या पेट्यांत झोपलेली. प्रत्येक पेटीत भोकं पाडलेली एक साबणाची डबी आणि डबीत ओला स्पंज. एक डबी मँडोलिनच्या खुंटीलाही बांधलेली. ते स्पंज रोज सकाळी भिजवायचं काम त्याने तनयाला दिलं होतं. "ओला, पण गळणारा नाही," तो म्हणाला होता. कशासाठी, ते तिने विचारलं नव्हतं.

"कोण वाजवणार हे?"

"डिली प्रॉक्टर. केंटकीची. ती स्वतःचं वाद्य विमानात चढवत नाही. जाईल तिथे उसनं घेतो."

"घेते."

"घेते. ग्वेनने तिला हो म्हणायला लावलं." त्याने खुंटीवरचं मँडोलिन सरळ केलं. "बाबांनी दोन वर्षं दिली होती. मार्च संपला की संपली. डिली वाजवेल, लोक ऐकतील, कोणीतरी म्हणेल मला पण असा एक पाहिजे... तर मी इथे राहतो. नाहीतर पिनर. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. एप्रिलपासून मी लोकांना विचारणार – ही ओळ दिसते का? आणि ही?"

"मग माझा नंबर तूच काढशील."

"पिनरला यावं लागेल."

तो हे हसत म्हणाला. पण पिनर हे नाव तनयाला एकदम फार लांबचं वाटलं, जणू ते लंडनला नव्हतंच, समुद्रापलीकडे कुठेतरी होतं.

त्या संध्याकाळी निघताना ती स्टेजमागच्या खोलीत गेली. दगडी भिंती, गार फरशी. आपला श्वास तिला वाफेसारखा दिसला. आणि खुंटीवर ते एवढंसं मँडोलिन, उघडं.

पुण्याला आईचा तंबोरा होता. पावसाळ्यात आई तंबोऱ्याच्या कपाटात साठचा बल्ब लावून ठेवायची, दिवसरात्र. कपाटाच्या फटीतून पिवळा उजेड यायचा. लहानपणी तनयाला वाटे, आत कुणीतरी वाचत बसलंय. "ओल धरली की सूर बसतो त्याचा," आई म्हणायची. "त्यालाही ऊब लागते गं."

खोलीच्या कोपऱ्यात, कोट अडकवायच्या खुंट्यांखाली, तेलाचा एक जुना रेडिएटर होता. बटणाशेजारी ग्वेनच्या अक्षरात सूचना: निघताना सगळं बंद. तनयाने आयुष्यात कधी वाचनालयाचं पुस्तकही उशिरा परत केलं नव्हतं. तिने सूचना दोनदा वाचली. मग रेडिएटर ओढत मँडोलिनखाली आणला, आणि बटण दाबलं.

सकाळी आल्या आल्या तो बंद करायचा, कारण तापला की तो टिकटिक करायचा आणि हॉलमध्ये ऐकू यायचं. मग पुन्हा कोपऱ्यात ढकलायचा. दुपारी परीक्षित येईपर्यंत खोली पहिल्यासारखी गार. कुणाला कळत नव्हतं. पाच दिवस तिने हे केलं, आणि त्या पाच दिवसांत तिला स्वतःचंच एक गुपित मिळाल्यासारखं वाटत होतं... घरी बसमधून जाताना ती मनात म्हणे, आता ते उबेत असेल.

स्पंज रोज सकाळी खडखडीत वाळलेले असायचे. ती ते नेमाने भिजवायची.

*

मंगळवारी दुपारी ती हॉलमध्ये खुर्च्यांना नंबर लावत होती. आतून परीक्षितचा आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही. बराच वेळ. म्हणून ती आत गेली.

तो मँडोलिन खिडकीशी धरून उभा होता. पोटावर, गोल भोकापासून खालपर्यंत, एक रेघ. केसाएवढी. पण तिच्यातून आतला काळोख दिसत होता.

"स्पंज भिजवले होते ना?" त्याने शांतपणे विचारलं.

"रोज."

"मग लाकूडच." तो रेघेवरून बोट फिरवत राहिला. "ओलीने फुगतं, ते असं तडकत नाही. कोरडी गरमी लागली की तडकतं. आणि इथे गरमी कुठे आहे? या इमारतीत मासे राहतील." त्याने हसायचा प्रयत्न केला. "लाकूड कच्चं होतं, तनया. मला वाटलं सुकलंय. मला कळलं नाही. म्हणजे... दोन वर्षांत मला एवढं पण कळलं नाही."

कोरडी गरमी.

तनयाच्या पाठीमागे, कोपऱ्यात, कोटांखाली रेडिएटर मुकाट उभा होता. ती वळून बघू शकली नाही.

"ग्वेनला सांगतो, डिलीसाठी दुसरं शोध," तो म्हणाला. "बाबांना पण फोन करतो. आता कशाला थांबायचं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. पण तिला सगळीकडेच थोडा उशीर व्हायचा, आणि तोवर तो मँडोलिन पेटीत ठेवून, पेटी उचलून निघून गेला होता. दाराशी त्याने नेहमीसारखं मागे वळून पाहिलं नाही.

घरी तिने मालविकाला सगळं सांगितलं. मालविका तिच्याबरोबर राहायची. नागपूरची, बँकेत कामाला, आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांना पाच मिनिटांत उत्तर देणारी.

"सांगू नकोस," मालविका कणीक मळता मळता म्हणाली. "कोणाला कळणार आहे? तो लाकडाला दोष देतोय ना, देऊ दे. लाकूड काही भांडायला येत नाही."

"तो लाकडाला दोष देत नाहीये. स्वतःला देतोय."

"आणि सांगितलंस तर तुला देईल. मग बोलणारसुद्धा नाही तुझ्याशी. आवडतो ना तुला?"

तनया खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या घरात दिवा लागला होता, पडद्याच्या फटीतून पिवळी पट्टी बाहेर आली होती.

"आवडतो," ती म्हणाली. "म्हणून तर."

मालविकाने पोळपाट ओढला. "मग मला कशाला विचारलंस," ती म्हणाली. पण पहिली पोळी तिने तनयालाच दिली.

*

बुधवारी तनया परीक्षितच्या गाळ्यावर गेली नाही. तिने त्याला निरोप पाठवला – दुपारी ये, एकदा, प्लीज. पेटी घेऊन ये.

तो आला. कोट न काढताच खोलीच्या दारात उभा राहिला. तनयाने रेडिएटर कोपऱ्यातून ओढला, खुंटीखाली आणला आणि बटण दाबलं. दोघं तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने लोखंड टिकटिक करू लागलं.

"पाच रात्री," ती म्हणाली. "संध्याकाळी लावायचे, सकाळी बंद करायचे. स्पंज रोज वाळून दगड झालेले असायचे. मला वाटलं..." तिने चष्मा वर सारला. "आई तंबोऱ्याजवळ बल्ब लावायची. पुण्यात ओल म्हणजे शत्रू. मला वाटलं सगळीकडे तसंच असतं. लाकूड कच्चं नव्हतं, परीक्षित. मी भाजलं ते."

त्याने वाकून रेडिएटरवर हात ठेवला, भाजला तसा काढला. वर खुंटीकडे पाहिलं. मनात तो काही मोजत होता... अंतर, दिवस, उष्णता.

"पाच रात्री," तो म्हणाला. "याच्यावर."

"हो."

"पाच रात्री याच्यावर, आणि फक्त एक तडा गेला?"

तनयाला कळेना.

"मी ओल मोजायचा मीटर आणायला पाहिजे होता," तो स्वतःशीच बोलत होता, इंग्रजीत, मराठीत, मिळेल त्या भाषेत. "पण... बाकी सगळे जोड पक्के आहेत. गळा हलला नाही. मागची बाजू बघ. तनया, हे लाकूड चांगलं आहे. फार चांगलं आहे." त्याने पेटी उघडली होती, मँडोलिन उलटंसुलटं करून पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काल गेलेला माणूस परत येत होता. "मला कळत होता. मला बरोबर कळत होता."

तिने या वेळी काही दुरुस्त केलं नाही.

मग तो थांबला. "पण तू का लावलास? ग्वेनची नोट आहे इथे. तू तर चहाचा पण रकाना करतेस."

खोली आता हळूहळू ऊब धरत होती. तनयाने चष्मा काढला, पुसायला म्हणून, आणि तो हातातच राहिला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा नुसता एक गव्हाळ धूसर आकार होता, आणि त्याला सांगणं थोडं सोपं होतं.

"गिटारं पेट्यांत होती," ती म्हणाली. "हे एकटंच उघड्यावर होतं. आणि... तुझं होतं. म्हणून."

टिक... टिक... रेडिएटर बोलत राहिला. परीक्षितने हात लांब करून तो बंद केला.

"अजून वेळ आहे," तो म्हणाला. पण तो मँडोलिनबद्दल बोलत होता.

*

पुढचे तीन दिवस तो मँडोलिनबद्दलच बोलला.

पेटीत दोनदोन ओले स्पंज ठेवायचे, झाकण लावायचं, आणि लाकडाला घाई करायची नाही. गुरुवारी जलसा सुरू झाला. हॉल माणसांनी, ओल्या कोटांच्या वासाने, फिडलच्या सुरांनी भरून गेला. तनया तक्ता हातात घेऊन पडद्यामागे धावत होती. पंधरा मिनिटांत एक मंडळी उतरायची, दुसरी चढायची. ग्वेन प्रत्येक चहाच्या रकान्याला वेळेवर हजर. आणि त्या सगळ्या गलबल्यात दिवसातून तीनदा परीक्षित आणि ती पेटी उघडून बघायचे. रेघ बारीक होत होती. शुक्रवारी संध्याकाळी ती जवळजवळ मिटली.

पण तिने जे सांगितलं होतं, त्यावर तो एक शब्द बोलला नव्हता. तनया स्वतःची समजूत घालत होती – त्याने ऐकलंच नसेल. किंवा ऐकलं असेल आणि सभ्यपणे विसरला असेल. सभ्य माणसं विसरतात. आणि रविवारनंतर पिनर तर होतंच...

शनिवारी सकाळी, हॉल उघडायच्या आधी, त्याने वाटीत गरम पाणी घेऊन त्यात सरस ठेवला. रेघेवर तो बोटाने चोळून मुरवला, जादाचा पुसून काढला. आता आतून, रेघेखाली, लाकडाचा नखाएवढा तुकडा चिकटवायचा होता. तुकड्यामागे एक छोटं लोहचुंबक आत, दुसरं बाहेर; दोघांनी मिळून तो धरून ठेवायचा. त्याने भोकातून बोटं घालून पाहिली. दुसऱ्या पेराशीच अडकली.

"तुझी जातील," तो म्हणाला.

तनयाने बाह्या सारल्या. तिची बोटं आत गेली, मँडोलिनच्या त्या अंधाऱ्या, लाकडाचा गोड वास येणाऱ्या पोटात. तिला काही दिसत नव्हतं.

"थोडं डावीकडे. माझ्या बोटाकडे ये. मी बाहेरून दाबतोय, कळतंय?"

"कळतंय."

मधे पातळसं लाकूड. पलीकडे त्याचं बोट. चुंबकाने चुंबकाला ओढलं, आणि तुकडा हलकेच जागेवर बसला.

"आता सोड," तो म्हणाला.

तिने सोडायला थोडा उशीर केला. त्यानेही.

*

रविवारी दुपारी बाहेर ऊन पडलं होतं. रंगीत काचांचे तुकडे लोकांच्या खांद्यांवर, केसांवर पसरले होते.

डिली प्रॉक्टर ठेंगणी, साठीची, पायांत पुरुषी बूट. तिने मँडोलिन हातात घेतलं आणि पहिल्यांदा त्या रेघेवर अंगठा फिरवला. परीक्षितने श्वास रोखला.

"हे काय?" तिने विचारलं.

"थंडी वाजेल म्हणून कुणीतरी उबेला ठेवलं होतं," तो म्हणाला.

डिलीने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याआड तक्ता घेऊन उभ्या असलेल्या, कानांपर्यंत लाल झालेल्या मुलीकडे पाहिलं. "अस्सं," ती म्हणाली, आणि सूर लावू लागली.

एकच माइक. पाच जण अर्धगोलात. फिडल पुढे आलं, मागे सरलं. बँजो आला, गेला. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. मग कुणाचा तरी खांदा वळला आणि डिली पुढे आली. पहिला सूर लागला तेव्हा तनयाला वाटलं, कपाटाच्या फटीतून पिवळा उजेड बाहेर यावा तसा आहे हा... स्वच्छ, आतून आलेला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. परीक्षित पडद्याच्या दोरीला धरून उभा होता. वाजवत नसूनही त्याची बोटं हलत होती.

शेवटचं गाणं संपून टाळ्या ओसरल्यावर डिली सरळ त्याच्यापाशी आली. "मला एक करून दे," ती म्हणाली. "घाई नाही. पुढच्या मार्चमध्ये मी इथेच असेन. आणि ऐक – बिनतड्याचं असलं तरी चालेल."

ती गेली. हॉल रिकामा होऊ लागला. परीक्षितने खिशातून फोन काढला आणि स्टेजच्या कडेला जाऊन उभा राहिला. तनयाला ऐकायचं नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"बाबा? मी... एप्रिलमध्ये येत नाही. हो. हो, विचार करून बोलतोय. हो बाबा, जेवलो." मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला, आणि मग एकदम हलका झालेला आवाज, "थँक्यू. आईला सांगा, भाजणी पाठव. आणि डबा पण."

तनया जमिनीवरच्या पट्ट्या काढायला खाली बसली होती. डोळ्यांत पाणी आल्याने काही दिसेना, म्हणून तिने चष्मा काढून खिशात ठेवला.

"त्या काढू नकोस अजून," तो म्हणाला.

ती उठली. तो माइकजवळ उभा होता.

"माझा गाळा फार गार आहे," परीक्षित म्हणाला. एकेक शब्द चाचपत, त्या पहिल्या दिवसासारखा. "हिवाळ्यात श्वास दिसतो. आणि तिथे हीटर लावता येणार नाही. कधीच. डिलीचं लाकूड असेल."

"मग?"

"तू विचार कर. रोज संध्याकाळी यायचं, म्हणजे... गार बसावं लागेल."

"मी शाल आणेन," तनया म्हणाली.

"बुधवारी तू जे बोललीस ना..." तो थांबला. "मी ऐकलं होतं. मला मराठीत उत्तर पाहिजे होता, बरोबरवाला. चार दिवस शोधत होतो. अजून नाही सापडला."

"चुकीचं सांग. मी दुरुस्त करेन."

ती मागच्या पट्टीवर उभी होती, तो पुढच्या. उतरत्या उन्हाचा एक निळा तुकडा दोघांच्या मधे स्टेजवर पडला होता.

मग त्याचा खांदा वळला, थोडासाच. एका माणसाला पुरेल एवढी जागा झाली.

या वेळी तनयाला ते चष्म्याशिवायही दिसलं.